उभ्या गाडीचा आवाज

"बसत नाय गो, निघालोच."

माझ्या गाळ्याच्या शटरवर किल्लीने टकटक करून ते एवढं म्हणायचे आणि मग अर्धा तास उभ्याने बोलायचे. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून तिलाच डोलवत राहायचे. चहाचा कप घेऊन पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांमधून फेऱ्या मारायचे आणि बोलता बोलता तो कुठेतरी ठेवून द्यायचे. असा एक कप आमच्या मालाबरोबर खोक्यात बंद होऊन भिवंडीला गेला होता. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, मॅडम, ही दिवाळीची भेट समजायची का?

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पंगतीत पहिला भात संपायच्या आत त्यांचं लक्ष चपलांकडे असतं. दवाखान्यात नंबर यायच्या आधी ती दोनदा खाली जाऊन येतात. वय झालं की बहुतेकांचं हे कमी होतं. यांचं सत्तरीनंतर वाढलं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा खोके बनवायचा गाळा आहे. दोन गाळे सोडून त्यांचा, लेथकामाचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, पण यांचा जन्म आणि सगळं आयुष्य मुंबईतलं. मालवणी उरली होती ती 'गो' आणि 'नाय'पुरती. मी त्यांना काका म्हणायची. गाळेधारकांच्या संघटनेची मी सचिव, म्हणजे पाणी, कचरा, पार्किंग आणि भांडणं माझ्याकडे. मी याद्या करून काम करते. त्याशिवाय मला झोप लागत नाही. काका माझ्या टेबलावरचा कागद उलटा वाचायचे आणि विचारायचे, "श्वास घेणे लिहिलंस ना? नायतर राहून जाईल."

त्यांच्या गाळ्यात मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली एक गाडी होती. मूळची टॅक्सी. मागची सीट काढलेली, काचा काढलेल्या, दारं आतून पोकळ. बॉनेटला भोक पाडलेलं आणि त्यातून कार्ब्युरेटरचं तोंड वर आलेलं. वजन कमी करण्यासाठी जे कापता येईल ते कापलेलं. बाहेरून लाल रंग होता, पण दार उघडलं की कडेला जुना काळा-पिवळा दिसायचाच. तरुणपणी काका ही गाडी शर्यतीत पळवत. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. विमानं नसतील अशा वेळी एखाद्या धावपट्टीवर पाव मैल सरळ, दोन गाड्या शेजारी शेजारी, झेंडा पडला की सुटायचं. "शिंक आली तर शर्यत चुकायची," काका म्हणायचे. मला वाटतं, एवढ्या लवकर संपणारी दुसरी कुठलीच गोष्ट त्यांना मानवली नसती.

दसऱ्याला आमच्या वसाहतीत यंत्रांची पूजा असते. मशीन पुसून हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि मग कामगार मिठाईचे पुडे घेऊन घरी. आवार रिकामं झालं की काकांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. शर्यतीच्या काळातले उरलेसुरले मित्र टेम्पोवर आपापल्या गाड्या घालून आणायचे. मोटारसायकली जास्त, मोटारी दोन-तीन. भिंतीकडे पाठ करून त्या ओळीने उभ्या करायच्या, नारळ फोडायचा आणि एकेक इंजिन सुरू करून ऐकायचं. चालवायचं नाही. जागच्या जागी रेस द्यायची आणि ऐकायचं. या प्रकाराला त्यांच्यात 'आवाज' म्हणत. "यंदा आवाजाला येणार ना?" असे फोन गणपती गेले की सुरू व्हायचे.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते तक्रार म्हणून. शेजारी नवीन टॉवर झाला आणि तिथल्या रहिवाशांनी पत्र दिलं. मी कागद घेऊन काकांकडे गेले. वेळ ठरवायची, आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवायचं, टॉवरच्या लिफ्टपाशी आठवडाभर आधी सूचना लावायची. काकांनी सगळ्याला मान डोलावली. "लिही, लिही. फक्त 'आवाज कमी करा' असं लिहू नको. मग आणतो कशाला गाड्या? धुवायला?"

वेळ पाळली जाते का हे बघायला मी त्या वर्षी थांबले. नाहीतर सुट्टीच्या दिवशी पेट्रोल जाळून कुठेच न जाणाऱ्या गाड्या बघायची मला हौस नव्हती.

तिथे नाखवा पहिल्यांदा भेटला. वेसाव्याचा कोळी, काकांच्याच वयाचा, धावपट्टीवर त्यांच्या शेजारच्या पट्ट्यात उभा राहणारा. स्वतःची गाडी त्याने केव्हाच मोडीत घातली होती, तरी दर दसऱ्याला यायचा आणि काकांना छळायचा. "काय रं, टॅक्सी रिकामी हाय का? मीटर टाक, वेसाव्याला सोड मना." काका म्हणायचे, "माशाची पाटी आत घेत नाय आम्ही." हे संवाद दर वर्षी तेच असावेत, कारण बाकीचे आधीच हसायला लागत.

आवाजाचा एक नियम होता. इंजिन बंद केलं की कोणी बोलायचं नाही. तापलेलं लोखंड थंड होताना टिक टिक करतं, आधी भराभर, मग सावकाश. ती टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. जो आधी बोलेल त्याने ती गाडी परत जागेवर नेताना पहिला धक्का द्यायचा, मग बाकीचे हात लावणार. सत्तरीच्या माणसांना ही शिक्षा मोठी होती.

काकांची पाळी आली. त्या दिवशी त्यांच्या पँटच्या खिशातून बनियनचा एक तुकडा लोंबत होता. हात पुसायचं फडकं असेल असं मी धरून चालले. त्यांनी सेल्फ मारला, गाडी खोकली आणि पेटली. काका लगेच खाली उतरून बॉनेटपाशी उभे राहिले, एक हात पत्र्यावर. गाडी सगळी थरथरत होती, मोकळं सोडा म्हणत असल्यासारखी. एका लयीत चालते आहे असं वाटेपर्यंत लय मोडायची. मग काकांनी बॉनेटमधूनच तार ओढून रेस दिली. आमच्या शटरच्या पट्ट्या वाजू लागल्या. तो आवाज कानांनी ऐकावा लागत नव्हता, बरगड्यांत शिरत होता. टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये माणसं आली, आणि ती भांडायला आली नव्हती.

मी मात्र काकांकडे बघत होते. तो माणूस हलत नव्हता. पाय हलत नव्हता, मान हलत नव्हती. डोळे अर्धवट मिटलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं एका जागी पाहिलं नव्हतं. बंद केल्यावर टिकटिक संपेपर्यंत ते तसेच राहिले. ती थांबली आणि त्यांनी ताबडतोब इकडे तिकडे बघून विचारलं, "चहावाला कुठे मेला?"

मी नंतर त्यांना विचारलं की पळवायची नाही तर ठेवायची कशाला. त्यांनी उत्तर चालता चालता दिलं. "पळत होती तेव्हा ऐकली कोणी? मी आत, डोकं पुढच्या रेषेवर. झेंडा पडला की संपलंच. सगळी जवानी मी त्या गाडीत होतो आणि आवाज लोकांनी ऐकला. आता माझी पाळी."

पुढच्या वर्षी टॉवरची सूचना मी स्वतःहून लावली. नारळ, सिलिंडर, चहा, बॅटरीची तपासणी, सगळं माझ्या यादीत आलं. नाखवा मला 'मॅनेजरीण बाय' म्हणू लागला.

मग गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला काकांना जिना चढताना दम लागू लागला. तपासण्या झाल्या, बायपास सांगितली. मुलगा चारकोपला राहतो, शहाणा मुलगा आहे. त्याने गाळा बंद करायचा ठरवलं, लेथला गिऱ्हाईक बघितलं. गाडीसाठी अंधेरीतलाच एक हॉटेलवाला तयार झाला. त्याला ती भिंतीवर लावायची होती, टेबलांच्या वर. इंजिन काढून, कारण भिंतीला तेवढं वजन झेपणार नव्हतं.

काका माझ्याकडे आले. किल्लीची टकटक झाली, वाक्य झालं, आणि त्यांनी विचारलं, काय करू? मी माझ्या पद्धतीने कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला द्यायची, दुसऱ्या बाजूला ठेवायची. डावी बाजू भरत गेली. जागा नाही, बघायला माणूस नाही, डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय, निदान भंगारात जाणार नाही, लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. उजवी बाजू कोरीच होती. मी सांगितलं, काका, देऊन टाका.

त्यांनी कागद नीट वाचला. या वेळी उलटा नाही, हातात घेऊन. आणि मग ते खुर्चीवर बसले.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. माझ्या मशीनवरचा माणूस काम थांबवून बघायला लागला. मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "पण भिंतीवर टांगल्यावर ती बोलणार कशी गो?"

आवाज चढलेला नव्हता. ते तसेच बसून राहिले, हात मांडीवर, निघायची काही घाई नाही. मला ते बघवेना. ओरडले असते तर मी वाद घातला असता. बसलेल्या काकांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाळ्यातला मागचा सगळा माल हलवला. वर्षानुवर्षं पडलेले जुने नमुने रद्दीत घातले, चांगले गठ्ठे माळ्यावर चढवले. टेप लावून बघितलं, गाडी आरशासकट मावत होती. मुलाला फोन करून सांगितलं की जागा माझी, बघायला मी आहे, हॉटेलवाल्याला नाही म्हण. तो म्हणाला, "ताई, बाबांना तुम्हीच सांगा. माझ्यासमोर ते रडायचे नाहीत."

गाडी आम्ही ढकलत आणली. काकांनी ताडपत्री स्वतः घातली. त्याआधी बराच वेळ बॉनेटपाशी काही खुडबुड करत होते. मी लांबून म्हटलं, दगदग नको. ते म्हणाले, "झालं गो, निघालोच." आणि खरंच निघाले, सोमवारी ॲडमिट व्हायला.

ऑपरेशन पार पडलं. दसऱ्याला ते चारकोपला मुलाच्या घरी होते, तिसरा मजला, बिनलिफ्टचा. येणं शक्यच नव्हतं. ठरलं असं की गाडी नाखवा सुरू करेल आणि काका फोनवर ऐकतील. मी यादी केली. पेट्रोल, बॅटरी, तेल, पाणी, हार, नारळ, सूचना, फोन चार्ज. एकेक खूण झाली.

नाखवा आत बसला, सेल्फ मारला. खर्र खर्र. पुन्हा मारला. गाडी पेटेना. मित्रमंडळी पुढे झाली. कोणी बॅटरीच्या तारा हलवल्या, कोणी प्लग काढून पुसून लावले. नाखवा घामाघूम झाला. "दोगंय आडमुठे," तो पुटपुटला, "ह्यो बी न् ही बी." बॅटरी उतरत चालली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो दसरा तसाच गेला असता, आणि पुढचा दसरा कोणी पाहिलाय असं प्रत्येक जण मनात म्हणत होता, हे तोंडांवर दिसत होतं.

मी फोन लावला. मुलाने स्पीकर सुरू केला. काकांचा आवाज बारीक झाला होता.

"मार सेल्फ. ऐकू दे."

नाखव्याने मारला. खर्र खर्र.

"पेट्रोलचा वास येतोय?"

"डोकं दुखेल इतका येतोय, काका."

पलीकडे ते हसायला लागले. हसताना टाके दुखत असणार, कारण मध्येच आई गं म्हणाले आणि पुन्हा हसले.

"तोंडातला बनियन काढलास काय गो?"

बॉनेटच्या भोकातून वर आलेल्या त्या तोंडात मी हात घातला. आत खोलवर, घट्ट गुंडाळून, बनियनचा तुकडा कोंबलेला होता. धूळ जाऊ नये, उंदीर जाऊ नये म्हणून. ते दर वर्षी तो आधी काढून खिशात टाकत, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं ते हात पुसायचं फडकं समजत होतो. गाडीला श्वासच घेता येत नव्हता. माझ्या यादीत सगळं होतं, हे नव्हतं.

थोडा वेळ पेट्रोल उडू दिलं. मग नाखव्याने सेल्फ मारला आणि ती पेटली.

तोच तुकडा बॉनेटवर पसरून मी त्यावर फोन ठेवला, थरथरीने घसरू नये म्हणून. नाखव्याने रेस दिली. शटर वाजली, बाल्कन्या भरल्या. फोनमधून आम्हाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण आम्ही सगळे फोनकडेच बघत होतो. मनसोक्त झाल्यावर नाखव्याने बंद केलं.

टिक टिक सुरू झाली. कोणी बोललं नाही. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते. तिकडे चारकोपला कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. टिकटिक सावकाश होत गेली, पण थांबली नव्हती.

"चला," फोनमधून काका म्हणाले. "निघालोच."

आणि फोन बंद झाला.

त्यांचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. दिवाळी आटोपली आणि ते गेले. पण त्या सकाळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी प्रश्न होता नियमाचा. आधी ते बोलले होते, तेव्हा पहिला धक्का त्यांचा.

लोखंड पूर्ण गप्प झालं. नाखव्याने हँडब्रेक सोडला आणि तोही खाली उतरून आमच्यात आला. आम्ही सगळे गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो, डाव्या दिव्याजवळची जागा मोकळी सोडून. कोणी हात लावला नाही. थोडं थांबलो.

मग नाखवा म्हणाला, "हां, दिला त्यान," आणि आम्ही ढकलायला लागलो.