पडली ती आमची आत्या

साताऱ्याहून गाडी सुटली तेव्हा सखूआत्या खिडकीशी बसली होती, ठेवणीतलं नऊवारी इरकली लुगडं नेसून. तरुणपणी ती मूकपटांत पडायची. हो, पडायचीच. हौदात, शेणाच्या पाटीत, जिन्यावरून. मोलकरणीचं काम ते. त्यातला एक विनोदी मूकपट कुठेसा सापडला आणि पुण्यात दाखवणार, असं पेपरात आलं होतं. चार लोकांसमोर कुणीतरी आपलं नाव घ्यावं, एवढंच आत्याला हवं होतं. आजवर ते कुणीच घेतलं नव्हतं.

स्वारगेटला उतरून मिसळ खायला शिरलो. "पाव ताजा आहे ना?" मी मालकांना विचारलं.

"शिळा हवा असेल तर उद्या या," ते म्हणाले.

आत्या हसली. तिला पुणं आवडलं. मलाही आवडलं होतं, तोवर.

हॉल भरलेला. कडक इस्त्रीच्या झब्ब्यातले एक अभ्यासक माइक घेऊन पडद्याशेजारी उभे. दिवे गेले. नायिका गोरी, वर पावडर फासलेली. तिचं नाव पडद्यावर एवढं मोठं. तिच्या वाटणीला एक धपका नाही. आत्या काळी, म्हणून लाथा आत्याला, राख आत्याच्या तोंडाला, आणि नावाच्या जागी नुसतं 'मोलकरीण'. मग ती घागरीसकट माळ्यावरून खाली आली. हॉल खदखदून हसला. खाली गादी घाला, असं ती तेव्हा म्हणाली होती; फिल्म कंपनीचा मालक म्हणाला, गादी दिसेल. त्या दिवशी मोडलेला तिचा उजवा कोपर अजून सरळ होत नाही.

अभ्यासकांनी चित्र थांबवलं. "ही मोलकरीण म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष आहे, बरं का. त्या काळी बाईमाणसाला असं कोण आपटेल?"

आत्या उठून उभी राहिली. "अवो, ती मी हाय."

त्या दुपारचा सगळ्यात मोठा हशा तिथे झाला. मीही उठलो. "खरं सांगतेय ती."

"प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत," अभ्यासक म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी चिठ्ठी लिहिली, तिचं नाव ठळक अक्षरांत. त्यांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग आभार. माइकवाल्याचे, खुर्च्यावाल्याचे, चहावाल्याचे, सगळ्यांचे नावानिशी. आत्या शेवटपर्यंत कान देऊन ऐकत होती.

बाहेर पडताना दारात त्यांना गाठलं. "आजी, पुराव्याशिवाय बोलणं आमच्यात बसत नाही," ते म्हणाले. आत्यानं कोपर पुढे केला. त्यांनी तो नीट पाहिला. "संधिवात दिसतोय. तेल लावता का?"

परतीच्या गाडीत कात्रजचा घाट चढेपर्यंत मी धुमसत होतो. जाळायची आहे का असली विद्वत्ता? गादी न घालणाऱ्यानं तिचा हात मोडला. या शहाण्यांनी तिला बाईसुद्धा राहू दिलं नाही, आणि वर टाळ्या घेतल्या.

घरी पोचलो तर शेजारची पारूकाकू दारातच उभी. "काय बघितलंस गं पुण्यात?"

आत्यानं पिशवी डाव्या हातात घेतली.

"काय न्हाई," ती म्हणाली. "एक गडी पडला. लोक लई हसले."