आमच्या घोडीचा उजवा पाय

मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी अंगठेच उठवले, आणि विषय तर थोरल्या महाराजांच्या पुतळ्याचा. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण त्या पुतळ्यात आमच्या घोडीचा पाय राहणार की नाही, यापायी आमचं मार्गासनीचं घर वर्षभर खुळ्यासारखं वागत होतं, आणि सगळ्यांत जास्त मी.

कॉलेजच्या सुट्टीत दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, भोरला नालबंदाकडे गेलो होतो. गुडघ्यावर टिचकी मारली की आमची घोडी पुढचा उजवा पाय उचलायची, आणि सांगेपर्यंत खाली ठेवायची नाही. भोरच्या चौकात महाराजांचा घोड्यावरचा पुतळा बसायचा होता. त्याचे मूर्तिकार तिथून चालले होते, ते थबकले.

"किती वेळ अशी उभी राहील?"

"तुमी दमाल," दादा म्हणाले, "ती न्हाई."

मग चार दिवस ती उभी, मूर्तिकारांचे हात मातीत, आणि मी दोरीनं तिची मापं घेतोय. हसू आवरत नव्हतं.

नालबंद म्हणाला, "महाराज लढाईला निघालेत का माझ्याकडं?"

"नाल न ठोकता लढाईला जातील व्हय?" दादा म्हणाले.

पुतळ्यात घोडाच दाखवावा लागेल, असं मूर्तिकारांनी सांगितलं तेव्हा मात्र दादांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "बाकीचं काय बी करा सायेब. पाय तिचा ऱ्हाऊ द्या."

परत येताना मार्गासनीपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. घोडी रिकामी, पुढं.

कॉलेज सुरू झाल्यावर कळलं, पुतळा समितीतल्या एका वकिलांनी हरकत घेतली आहे. पाय उचललेला घोडा म्हणजे स्वार जखमी, अशी त्यांची समजूत. चारही पाय जमिनीवर हवेत. मी त्याच दिवशी समितीला पत्र लिहिलं: "स्वार जखमी नसून घोडा नाल ठोकून घेत आहे." पत्र पेटीत पडलं आणि मी काय लिहून बसलो ते माझ्या ध्यानात आलं. पुढचे कित्येक आठवडे भोरचा कुणी दिसला की मी रस्ता बदलायचो.

शेवटी दादांचं कार्ड आलं, शाळामास्तरांच्या अक्षरात. "पुतळा बसला. पाय वरच आहे. तुझं पत्र बैठकीत वाचलं, वकीलसाहेब हसून हसून खोकायला लागले आणि हरकत राहून गेली. घोडीला दाखवायला नेली होती. तिनं वर बघितलं नाही. हार खाल्ला."