एसीतली मोजणी

३ एप्रिल रोजी मोजणीसाहेबांनी जीपच्या काचेला लावायचा कॅमेरा एक हजार एकशे चाळीस रुपयांना घेतला. चांगला चार हजारांना होता, पण खिशात हात घालतानाही साहेब मोजूनमापूनच घालत.

कचेरीत त्यांना सेंटीमीटरसाहेब म्हणत. उपग्रहावर चालणारं यंत्र हाती आल्यापासून त्यांनी मीटरची भाषा सोडली होती, आणि उन्हात उतरणंही. जीप हद्दीला चिकटवून उभी करायची, एसी चालू ठेवायचा, फीत धरणाऱ्या म्हाताऱ्या मदतनिसाने यंत्राचा खांब काचेपाशी रोवायचा आणि साहेबांनी आत बसून पडद्यावरचा आकडा वाचायचा.

पंधरा तारखेला एका शिवणकामवालीच्या घराची हद्द निघाली. साहेबांनी जीपमधूनच निकाल दिला: पुढची खोली शेजाऱ्याच्या जागेत दीडशे सेंटीमीटर, म्हणजे दीड मीटर, घुसली आहे, आठ दिवसांत भिंत पाडा. पडद्यावर लाल अक्षरांत ‘अचूकता अपुरी’ असं येत होतं; साहेब ते रोज बघत आणि सोडून देत. त्या खोलीत बाईचं मशीन होतं, म्हणजे तिचं पोट होतं.

तिने गळ्यातली टेप काढली, घरामागच्या हद्दीच्या दगडापासून गुडघ्यांवर सरकत भिंतीपर्यंत मोजलं. जुन्या नकाशाशी दोन बोटांचाही फरक नव्हता.

“बाई, उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून बघतो,” साहेब म्हणाले. “तुमची टेप ब्लाउजपुरती ठेवा.”

“ब्लाउज दीड मीटर चुकला ना साहेब, तर गिऱ्हाईक मला गल्लीत राहू देणार नाही.”

इतक्यात जीप दोन आचके देऊन बंद पडली. डिझेल संपलं होतं. एसी थांबला, कॅमेऱ्याचा निळा दिवा विझला आणि मिनिटभरात पडद्यावरचा दीड मीटर दोन सेंटीमीटरवर आला.

“गाडी बंद पडली आणि माझी भिंत जागेवर आली,” बाई शांतपणे म्हणाली.

साहेबांचं पाकीट कचेरीत राहिलं होतं. बाईने मशीनच्या खणातून पैसे काढून दिले, मदतनीस डिझेल घेऊन आला. जीप सुरू झाली, निळा दिवा लागला, भिंत पुन्हा शेजाऱ्याकडे गेली. मदतनिसाने आत हात घालून कॅमेऱ्याची वायर उपटली. एसी चालूच होता. भिंत परत आली. वरून येणारा संदेश फार क्षीण असतो, त्याने बाईला समजावलं. शेजारी मिक्सर घरघरत असला की पलीकडच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही, तसं या स्वस्त डबड्याने केलं.

पाडायचा आदेश फाटला. अहवालात साहेबांनी लिहिलं की आकाशातली परिस्थिती प्रतिकूल होती. कॅमेरा घेतल्यापासून मोजलेल्या बाकीच्या नऊ हद्दींबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

डिझेलचे तीनशे वीस रुपये शिवणकामवालीला अजून मिळालेले नाहीत.