आडवा हो, थिओ

थिओफिल ग्रांप्रे आयुष्यात एकदा पाय घसरून पडला आणि जन्माचा अडकला.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागातल्या नाचघरात तो डबल बास वाजवायचा. ऐन तिशीत सांडलेल्या बिअरवरून घसरला आणि ते माणसाहून उंच तंतुवाद्य त्याच्या उरावर आलं. पण नाचणाऱ्यांचे पाय बासच्या ठेक्यावर असतात. आभाळ कोसळलं तरी बास थांबत नाही, हा तिथला शिरस्ता. थिओ उताणा पडून वाजवत राहिला आणि लोकांनी नाचघर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तो उभा राहिला की मागून हाक ठरलेली, "आडवा हो, थिओ!" त्याच्याहून तयारीचे बासवाले लोक विसरले, हा मात्र टिकला. म्हातारा झाला, गुडघे कामातून गेले, तरी लोळतच राहिला. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो.

बायको ओडील तेवढी कधी हसली नाही. घरी तो गजाने एक संथ प्रार्थनागीत वाजवायचा, ते तिचं. शेवटच्या आजारात तिने बजावलं, "मी गेले की हे वाजव. पुरतं वाजव आणि उभा राहून वाजव. माझ्यासाठी लोळायचं नाही."

ती गेली. बँड तिला वाजतगाजत दफनभूमीकडे घेऊन निघाला. रस्त्यावर चालताना बास वाजवता येत नाही, तिथे अंगावर भलामोठा भोंगा घेऊन फुंकणाऱ्या ट्युबावाल्याचं राज्य. सबंध आयुष्य वाजवण्यात घालवलेला माणूस बायकोच्या शवपेटीमागून रिकाम्या हातांनी चालला. म्हणून परतल्यावर, नाचघरात मयताचं जेवण चाललेलं असताना, त्याने गज उचलला.

अर्धं गीत झालं असेल, मागून कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, "आडवा हो, थिओ." त्याने नकारार्थी मान हलवली. गज चालूच ठेवला. तेवढ्यात गुडघ्याने दगा दिला आणि बाससकट तो कोसळला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

ट्रम्पेटवाला क्लेव्हन, त्याचा जुना जोडीदार, खाली वाकला.

"खुबा मोडलाय रे," थिओ कण्हला.

क्लेव्हनने लोकांकडे पाहिलं. सकाळपासून रडलेले चेहरे फुलले होते.

"जरा कळ काढ," तो पुटपुटला. "लोकं आत्ता कुठे हसतायत."

त्याने ट्रम्पेटवर उडत्या चालीचं गाणं धरलं. बास थांबत नाही. थिओ पडल्या पडल्या तारा ओढत राहिला.

त्याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हाही दारापर्यंत टाळ्या होत्या. बायकोच्या मयतालाही आम्हाला नाराज केलं नाही, माणूस असावा तर असा, असं आजही ट्रेमेत कौतुकाने सांगतात. आग लागो असल्या कौतुकाला.

इस्पितळात त्याने मुलीचा, सोलांजचा, हात धरला.

"थोडा वेळ तरी मी उभा होतो ना गं?"

"हो, पपा," ती म्हणाली.

ती तेव्हा मागे स्वयंपाकघरात राजमा-भात वाढत होती. तिने फक्त टाळ्या ऐकल्या होत्या, आणि पपा पुन्हा लोळले वाटतं, म्हणून हसली होती.