पांढरा कोपरा

माणसाला पाडणाऱ्या ठोशाचा आवाज मोठा असेल, अशी माझी समजूत होती. वाशीच्या त्या सभागृहात, रिंगपासून दुसऱ्या रांगेत बसून मी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ओल्या टॉवेलवरून तळवा फिरावा इतका तो हलका होता. त्याआधी खांद्यांवर आणि हातमोज्यांवर आदळणारे ठोसे ढोलासारखे वाजत होते. मग दुसऱ्या फेरीत ही एक हलकी थाप आली, आणि निळ्या बनियनमधली मुलगी गुडघ्यांतून विरघळल्यासारखी खाली बसली आणि पाठीवर कलंडली. तिला पाडणारी, लाल बनियनमधली, माझी मुलगी होती.

जिल्ह्याची अंतिम लढत होती. जिंकणारी राज्यस्पर्धेला जाणार, हरणारी घरी. गेली दोन वर्षे माझी मुलगी उपांत्य फेरीत हरली होती, आणि पुढच्या वर्षी वयोगट बदलून तिची गाठ पक्क्या वयाच्या खेळाडूंशी पडणार होती. जे व्हायचे ते त्या दुपारी, तीन फेऱ्यांत. सभागृहाला बाम, घाम आणि तापलेल्या रबराचा वास होता. छताचे पंखे तो वास फक्त ढवळत होते.

ठोशाने माणूस पडतो कसा, हे तिच्या प्रशिक्षकांनी मला आमच्या कोपरखैरण्याच्या स्वयंपाकघरात समजावले होते. ते बोनकोड्याचे, गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना शिकवतात. ओट्यावरचा पाण्याने भरलेला डबा उचलून त्यांनी तो झटकन फिरवला.

"डबा फिरला, पन पानी मागं ऱ्हायलं, बगा. डोक्याचं पन तसंच हाय, ताई. हनवटीवर बाजूनं बसला का मान गर्रकन फिरते नि आतला मेंदू हिंदकळतो. आनि जो येताना दिसत नाय ना, तोच पाडतो. दिसला का मान आपोआप घट्ट होते."

सांडलेले पाणी पुसताना माझी बोटे गार पडली होती. पण त्याच बैठकीत त्यांनी मोजणीचे नियम सांगितले, आणि मला, कॉलेजात कवितेची वृत्ते शिकवणाऱ्या बाईला, त्या खेळाची गोडी लागली. कुणी पडले की पंच एक सेकंद जाऊ देतो आणि मग दहापर्यंत मोजू लागतो, दोन आकड्यांत नेमका एक सेकंद ठेवून. पडलेली लगेच उठली तरी आठपर्यंत मोजायचेच. दहा झाले की लढत संपली. आणि पाडणारीने त्या वेळात पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. लाल कोपरा एकीचा, निळा दुसरीचा. पांढरा कुणाचाच नाही. ती तिथे पोहोचत नाही तोवर मोजणी थांबते.

हे सगळे मुलीला पाठ होते. पण तिच्या अंगात त्याच्या आधीचे काही मुरलेले होते. माझे सासरे, आमचे आबा, साताऱ्याकडचे. तरुणपणी तालमीत घुमले आणि मग तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहण्यात त्यांचा जन्म गेला. नातीला चालता येऊ लागले तसे त्यांनी तिला मातीत उतरवले. बारा वर्षांची होईपर्यंत ती कुस्तीच खेळली. तिथला रिवाज असा की समोरच्याची पाठ मातीला लागली की जिंकणाऱ्याने माती कपाळाला लावायची आणि सरळ वस्तादांच्या पाया पडायचे. तिचे वस्ताद आबाच. त्या दुपारी ते माझ्या शेजारी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

निळी मुलगी कलंडताच आबांनी मांडीवर थाप मारली. "चीतपट! मारली कुस्ती!"

"आबा, अजून नाही. पंच मोजतायत."

"मोजतोय काय? पोती हायत व्हय? पाठ लागली की तिची!"

मी हसणारच होते. पण तेवढ्यात माझी मुलगी आमच्याच बाजूच्या दोरापाशी आली. डोळे पेटलेले, दातांवरचे रबरी कवच हसण्याने बाहेर आलेले. ती गुडघ्यावर बसली, हातमोजा रिंगच्या कॅनव्हासला लावून कपाळाला टेकवला आणि दोरांमधून आबांपुढे वाकली. आणि आबांनी आनंदाने आशीर्वादाचा हात वर केला. तो हात वर आहे तोवर उठायचे नाही, हेही मातीतलेच.

"फोर," म्हणून पंच वळला. त्याला पांढरा कोपरा रिकामा दिसला. मोजणी थांबली.

"पांढऱ्या कोपऱ्यान जा गो!" प्रशिक्षकांचा आवाज फाटला. "पाया मागून पड! जा!"

ती धडपडत उठली आणि धावली. माझ्या कानाने, मला नको असताना, ते अंतर मोजले: सहा सेकंद. निळ्या मुलीच्या डोळ्यांत त्या सहा सेकंदांत पुन्हा माणूस आलेला मी पाहिला. "फाइव्ह"ला ती गुडघ्यावर होती, "सेव्हन"ला उभी, "एट"ला तिचे दोन्ही हात हनुवटीपाशी. पंचाने तिच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हटले, "बॉक्स."

"सुनबाई," आबा हळूच म्हणाले, "माज्यामुळं थांबला व्हय तो?"

"हो, आबा."

त्यांनी उजवा हात काखेत दाबून धरला, जणू तो पुन्हा आपोआप वर जाईल.

तिसऱ्या फेरीत निळ्या मुलीचे पाय हलके झाले होते. माझ्या मुलीचा श्वास मला रांगेत ऐकू येत होता, भात्यासारखा. दोघी बरोबरीने ठोसे घेत होत्या, देत होत्या. सभागृह उभे होते. माझा गळा कधी बसला ते कळलेच नाही. शेवटचे काही क्षण उरले असताना एक डावा ठोसा खालून, बाजूने आला. मला तो दिसला. तिला दिसला नाही. पुन्हा तीच ओल्या टॉवेलची थाप, आणि माझी मुलगी कॅनव्हासवर उताणी.

निळी मुलगी क्षणात पांढऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिला कुणाच्या पाया पडायचे नव्हते.

"वन."

आबांच्या कायद्याने नात हरली होती. पण ते पुढे वाकून पुटपुटत होते, "दमानं मोज रं बाबा, दमानं."

"टू. थ्री." पडलेल्या माणसाला वेळ देणारा हा खेळ त्या क्षणी मला जगातला सर्वांत दयाळू खेळ वाटला, आणि त्याच क्षणी प्रत्येक आकडा मला माझ्या बरगडीवर बसलेला जाणवला. "फोर"वर घंटा झाली. आमच्या सोसायटीतून आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या: वेळ संपली, वाचली! माझेही हात उठले.

"घंटा वाचवत नाय!" प्रशिक्षक कॅनव्हासवर तळवे आपटत होते. "मोजनी चालू हाय! उठ गो, उठ!"

"फाइव्ह. सिक्स." तिने कोपर टेकवले. घामाचा एक थेंब तिच्या हनुवटीवरून खाली पडला. "सेव्हन." एक गुडघा. "एट," आणि ती उभी होती, किंचित झुलत, हात वर. पंचाने तिची मनगटे धरली, पापणीही न हलवता तिच्या डोळ्यांत पाहिले, फार वेळ पाहिले, आणि मान डोलावली.

डॉक्टरांनी दोघींच्या डोळ्यांत टॉर्च मारली, दोघींना बोटे मोजायला लावली. दोघींचेही आकडे बरोबर आले. पाच परीक्षकांचे कागद गोळा झाले. निवेदकाच्या माइकने नेमकी तेव्हाच कर्कश शिटी मारली, त्यामुळे निकाल कुणालाच ऐकू आला नाही. मधोमध पंच उभा होता, त्याच्या एका मुठीत लाल मनगट, दुसऱ्या मुठीत निळे. तीन विरुद्ध दोन, हे आम्हाला मागाहून कळले. दिसले ते एवढेच की लाल मनगट वर गेले.

आबा खुर्चीवर चढले. ऐंशीच्या घरातला माणूस घडीच्या खुर्चीवर चढला, टोपी फिरवत, तालमीतली कसलीशी आरोळी ठोकत. त्यांना धरून खाली उतरवायला मी उठले. खुर्ची डुगडुगत होती, रांगेतली माणसे "आजोबा, सांभाळून!" म्हणून ओरडत होती. मी त्यांचा दंड धरला, आणि मग, खाली ओढण्याऐवजी, पदर खोचून शेजारच्या खुर्चीवर चढले.