ओग्दोचं गोठलेलं विरजण

माझी भावजय ओग्दो लग्न होऊन आली ती गोठलेल्या दह्याचं ढेकूळ सोबत घेऊन. नदीपलीकडच्या तिच्या आईनं दिलं होतं. मी काय गप्प बसते? म्हटलं, "का गं, आमच्या गोठ्यात गाई नाहीत असं सांगितलं होतं का तुला?"

"गाई असतील हो, वन्सं," ती म्हणाली, "पण दही माझ्या आईचं आहे."

आणि खरं सांगते, तसं दही आमच्या घरात त्याआधी कधी लागलं नव्हतं. हे मी तिला आजवर बोलले नाही. उगाच डोक्यावर बसली असती.

उन्हाळाभर ती दही लावायची आणि उरलेलं लाकडी पिंपात साठवायची. थंडी पडली की त्याचा दगड व्हायचा. त्याला आमच्या बर्फाच्या मुलखात तार म्हणतात. मग हिवाळ्यात गाई आटल्या की कुऱ्हाडीनं तुकडा फोडायचा आणि पिठाबरोबर उकळून पेज करायची. आमची पोरं याच पेजेवर वाढली. वसंतात पहिलं दही मात्र ती घरात जपलेल्या भांड्यातल्या विरजणानं लावायची.

यंदा माझा भाऊ मीतेरेय छातीच्या दुखण्यानं शहरातल्या दवाखान्यात पडला. ओग्दो शरदापासून त्याच्या उशाशी बसून होती. इकडे त्यांचं घर बंद, चूल थंड. थंडीनं विरजणाचं भांडं तडकलं आणि मांजरांनी काय होतं ते चाटून नेलं.

फेब्रुवारीत दोघं परत आली. दुखणं गेलं होतं, पण औषधांनी पोट बिघडलं होतं आणि मीतेरेयची अन्नावरची वासनाच उडाली होती. घोड्याच्या मांसाचा रस्सा दिला, तर वाटी ढकलली. दुकानातलं दही दिलं, तर म्हणाला, "खडू कालवलाय." एक दिवस भिंतीकडे तोंड करून बोलला, "माझ्यासाठी राबू नका गं. मी काही यंदा हिरवं गवत बघत नाही."

ओग्दो बाहेर गेली आणि गरज नसताना लाकडं फोडत बसली.

तो घरी आला म्हणून शेजारी भेटायला यायचे होते. पेज तर करायलाच हवी. त्यांच्या घराखालच्या भुयारात तारेचा एकच तुकडा उरला होता, पावाएवढा; बाकीची हिवाळाभर आम्हीच संपवली होती. ओग्दोनं तो फोडला आणि त्यातला थोडा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मी बघितलंच.

"अगं ए! पाहुणे दारात आणि तू लपवाछपवी करतेस? पातळ पाण्यासारखी पेज वाढायची का लोकांना?"

"वाढा पातळ. माझं नाव सांगा."

"सांगीन की! सगळ्या गावाला सांगीन!"

सांगितलंही. लोक हसले, ओग्दोचे कान लाल झाले, पण फडकं काही तिनं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध घेऊन गेले, तेव्हा तिचा बेत कळला. तिला या गोठलेल्या दह्यानंच विरजण लावायचं होतं. तिनं दूध तापवलं आणि अर्धा तुकडा तसाच वाफाळत्या दुधात टाकला. तार म्हटली की हात आपोआप आधणाकडेच जाणार, जन्मभराची सवय. सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं.

"मेलं सगळं," ओग्दो म्हणाली. "आईचं दही गेलं, वन्सं. आता यांना काय देऊ?"

गावातली नर्स तुयारा मीतेरेयला तपासायला आली होती. तिनं भांड्यात डोकावून बघितलं. "मावशी, दह्यातले जीव थंडीनं झोपतात. काही मरतात, काही तग धरतात. पण गरम दुधात एकही वाचत नाही. उरलेला तुकडा आधी पडवीत ठेवा, मग घरात. हळूहळू सुटू दे. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट घ्या."

"आणि त्यानं हे बरे होतील?"

"दही औषध नाही हो. पण दुधातलं सत्त्व त्यात असतंच, पचायला हलकं असतं आणि बिघडलेल्या पोटाला कदाचित बरं वाटेल. रस्साही पाजा. आधी तोंडात काहीतरी जाऊ दे."

तेवढाच तुकडा राहिला होता. ओग्दोनं तो तान्ह्या बाळासारखा सांभाळला. दुधात कालवला, भांडं स्वतःच्या सशाच्या कातड्याच्या पांघरुणात गुंडाळलं आणि स्वतः अंगावर कोट घेऊन झोपली. सकाळी उघडलं तर नुसतं पातळ. मी म्हटलं, "आता कुत्र्याला घाल." तिनं ऐकलं नाही, पुन्हा गुंडाळलं. संध्याकाळी चमचा घातला तर तो हलकेच अडला. लागलं होतं! घट्ट नाही, थोडं आंबटच, पण दही.

वाटी मीतेरेयच्या हातात दिली. त्यानं वास घेतला. एक चमचा खाल्ला, तोंड वाकडं केलं. आमचा जीव टांगणीला.

"आंबट झालंय," तो म्हणाला. आणि दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. वाटी संपली तसा भांडं ओढून त्यातूनच खायला लागला.

ओग्दो आधी डोळे पुसत बघत राहिली. मग एकदम दचकली आणि भांड्यावर झडपच घातली.

"अहो, थांबा! विरजणापुरतं ठेवा!"

"एक चमचा गं!"

"एक पण नाही! सोडा!"

महिनाभर घास घ्या म्हणून ज्याच्या पाया पडत होती, त्याच्याच हातातून ती भांडं हिसकावत होती, आणि तो हाडांचा सापळा काही केल्या सोडत नव्हता. मी दाराशी उभी राहून हसत होते आणि रडतही होते.

"सोडा म्हणते ना," ओग्दो ओरडली, "उद्या काय खाल मग?"

मीतेरेय थांबला. भांड्याच्या तळाशी बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि भांडं तिच्या हातात दिलं.

"बरं," तो म्हणाला, "उद्या जरा जास्त लाव."