मावशीचं भाड्याचं रडणं

माझी मावशी रडून पोट भरायची. हसू नका, खरंच सांगते. मालिकांमधल्या नट्या दिसायला छान रडतात, पण आवाजाच्या नावाने बोंब. मग डबिंगच्या खोलीत मावशी पडद्यावरचे ओठ बघत त्यांच्या वाटचं रडून द्यायची. नवी सून असो की म्हातारी सासू, रडं आमच्या मावशीचं.

खोली कसली, भिंतींना जाड कापड, मधोमध माइक आणि एक स्टूल. ते करकरायचं म्हणून मावशी उभीच. घड्याळ, कानातलं काढून पर्समध्ये टाकायचं, बरगडीखाली मूठ दाबायची, नाकाने तुटक श्वास घ्यायचा, की हुंदका तयार. मुसमुसणं वेगळं, हंबरडा वेगळा. उशीत तोंड खुपसून रडायचं असेल तर घडी केलेला टॉवेल घरून न्यायची. तिचे चांगले जमलेले हुंदके तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये साठवूनच ठेवले होते. घाई असली की ते कुठल्याही बाईला चिकटवायचे. आई गेल्यापासून मी मावशीकडेच राहायचे. घरी आली की ती मला सगळे प्रकार करून दाखवायची आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो.

मला मात्र त्या मालिकांचा असा संताप यायचा! चांगल्या बाईने रडायचं, वाईट बाईने हसायचं, आणि निर्णय बाप्यांनी घ्यायचे.

"पुरुष कसे गं रडत नाहीत ह्यात?" मी एकदा विचारलं.

"त्यांना दुःख झालं की ते खिडकीशी पाठमोरे उभे राहतात," मावशी म्हणाली. "पाठीला आवाज लागत नाही."

मग एका मालिकेत बाई न्यायाधीश आली. मावशीने धीर करून साहेबांकडे ते काम मागितलं. "तुम्ही? अहो, तुम्ही शिक्षा सुनावलीत तरी लोक डोळे पुसतील!" साहेब म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. त्या दिवशी घरी येऊन जेवली मात्र नाही.

माइकसमोर नसताना ती कधीच रडायची नाही. तिचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हाही कोरडी उभी होती. नातेवाईक काय, टपलेलेच. "पैसे घेऊन रडते, फुकट कशाला रडेल," असं एकीने माझ्यादेखत म्हटलं. मी तिला तिथेच फाडून खाणार होते, पण मावशीने माझा हात दाबला. नंतर भांडी घासता घासता मला म्हणाली, "रडायला तोंड उघडलं की मलाच ऐकू येतं, अगं, हा तर गेल्या आठवड्यातला सीन. लाज वाटते गं." मी तिच्या हातातलं भांडं घेऊन विसळायला लागले.

एके दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून ती ओट्याला टेकली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाली, पाठही भरून आलीय, आणि हे कालपासून. कालपासून! मी ऑफिसला दांडी मारली आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

आमच्या आधी एक बाई होती. पोट धरून मोठमोठ्याने रडत होती. डॉक्टर वैतागून म्हणाले, "बाई, इथे मालिका चाललीय का? नीट सांगा काय होतंय ते." ती बिचारी तोंडावर हात दाबून गप्प झाली. तेवढ्यात एक गृहस्थ नुसते "उं" करत आले आणि त्यांच्यासाठी स्ट्रेचर धावलं. मी मावशीच्या कानाशी लागले. "मावशी, रड. अगदी बेंबीच्या देठापासून रड. तुला येतं ना!"

ती त्या बाईकडेच बघत होती. "ऐकलंस ना, काय म्हणाले?" ती हळूच म्हणाली. "मीच शिकवलंय ना सगळ्यांना, बायका अशा रडतात म्हणून."

आमचा नंबर आला. मावशी ताठ बसली आणि इतक्या स्वच्छ, ठाम आवाजात बोलली की मी बघतच राहिले. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्या न्यायाधीश बाईला हाच आवाज द्यायचं तिच्या मनात असणार. "छातीत जरा दाटल्यासारखं होतंय. पाठ दुखतेय. कालपासून."

"जरा नाही हो डॉक्टर! घामाने निथळत होती ही, ओठ पांढरे पडले होते!" मी ओरडले.

"तुम्ही आधी शांत व्हा," डॉक्टर म्हणाले. "त्या बघा, किती शांत आहेत." पित्ताच्या गोळ्या दिल्या, टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि पुढच्याला बोलावलं. मी उंबऱ्यातून परत वळले होते, भांडायलाच. मावशीने माझी बाही धरली. "चल गं, तमाशा नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. हाक नाही, हूं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई घरात, आणि मला काही ऐकू आलं नाही.

नंतर माणसं भेटून गेली, खुर्च्या परत गेल्या, घर रिकामं झालं. संध्याकाळी मी एकटी बसले होते आणि भिंतीपलीकडून हुंदका आला. शेवटाला श्वास अडकणारा, बरगडीखाली मूठ दाबलेला. मी अनवाणीच शेजारच्या काकूंकडे धावले. दार उघडंच होतं. टीव्हीवर एक कोवळी सून, न केलेल्या चुकीची, घरभर सगळ्यांची माफी मागत होती. नवरा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

काकू डोळे पुसत होत्या. "बघ ना, किती खरं रडतेय गं पोर," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना माझ्या घरातलं दुःख आठवलं. ओशाळून त्यांनी रिमोट शोधायला घेतला. "बंद करते हं, लक्षातच आलं नाही माझ्या."

"राहू द्या काकू," मी म्हटलं आणि तिथेच जमिनीवर बसले. "आवाज जरा मोठा करा."